‘मी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, म्हणून त्याला हे झालं का?’

पत्र थोडक्यात: पत्रलेखिकेच्या साडेचार वर्षांच्या मुलाला तीन महिन्यांपूर्वी ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे आपण ज्याला ब्लड कॅन्सर म्हणतो, त्याचं निदान झालं. केमो सुरू आहे. पहिल्या महिन्यानंतरच्या तपासणीत रेमिशन आल्याचं, म्हणजे आजार दिसेनासा झाल्याचं, डॉक्टरांनी सांगितलं आहे. पण आईच्या डोक्यात रोज रात्री एक यादी फिरते. गरोदरपणी उलट्यांमुळे लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या अर्ध्यावर सुटल्या. मुलाला अंगावरचं दूध दोनच महिने मिळालं. दीड वर्षाचा असताना तो पाळणाघरात जाऊ लागला आणि तेव्हापासून सर्दी, कान फुटणं, जुलाब यांनी पाठ सोडली नाही. निदानाआधीचे तीन-चार महिने तो फिकट दिसायचा, जेवायचा नाही, वजन उतरलं होतं, ताप येऊन-जाऊन होता. तिने टॉनिक सुरू केलं, ते आजही चालू आहे. घरातली एक मोठी व्यक्ती तिच्या तोंडावर म्हणाली, ‘वेळेवर नीट खायला घातलं असतं तर पोराचं रक्त बिघडलं नसतं.’ ती विचारते: पोषण कमी पडल्याने आणि सततच्या इन्फेक्शनमुळे कॅन्सर झाला का? म्हणजे माझ्यामुळे? धाकटी चौदा महिन्यांची आहे. तिलाही हे होईल का? तिला पाळणाघरातून काढू का, आणि कोणती व्हिटॅमिनं देऊ?

ताई,

सरळ उत्तर आधी देते. नाही, तुमच्यामुळे झालेलं नाही. नुसता धीर द्यायचा असता तर एवढं लांब उत्तर लिहिलं नसतं. तुमच्या यादीतली एकेक नोंद मी आज माहीत असलेल्या गोष्टींशी ताडून पाहिली आणि मग लिहायला बसले. ती यादी तुम्ही रोज रात्री एकटीने वाचता. आज दोघी मिळून वाचू.

शेवटच्या नोंदीपासून सुरुवात करू, कारण तिथे तारखांचा क्रम उलटा लागला आहे. फिकटपणा, भूक नसणं, वजन उतरणं, येणारा-जाणारा ताप, यांना तुम्ही कारण म्हणता. ताई, तो आजारच होता. ल्युकेमियात बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथे, अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशींची गर्दी होते. तांबड्या पेशींना जागा उरत नाही आणि मूल फिकट पडतं. कामाच्या पांढऱ्या पेशी घटतात आणि ताप रेंगाळतो. प्लेटलेट घटल्या की कुठे आपटलं नसतानाही काळेनिळे डाग उमटतात. यकृत आणि प्लीहा वाढून पोटातली जागा अडवतात, मग दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं. तुम्ही ताट घेऊन त्याच्या मागे फिरत होतात तेव्हा त्याची भूक या आजाराने आधीच घालवली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग मला ओळखू का आलं नाही? कारण फिकट, चिडचिडी, सर्दीने बेजार मुलं दवाखान्यात रोज येतात आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना साधंच काहीतरी झालेलं असतं. लहानपणी हा आजार साधारण २,००० मुलांत एकाला होतो. मी स्वतः बालरोगतज्ज्ञ आहे, आणि पहिल्या भेटीत तो आपल्याला नेहमी ओळखता येईल असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी मात्र इथे थांबून सांगते. फिकटपणाच्या जोडीला विनाकारण काळेनिळे डाग, दोन आठवड्यांवर रेंगाळलेला ताप, झोपेतून उठवणारी हाडांची दुखणी, लंगडणं, वाढत जाणारी गाठ यांतलं काही असेल तर टॉनिक बदलत बसू नका. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि रक्ताच्या स्मिअरची, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून पेशी पाहण्याची, तपासणी करायला सांगा.

आता गोळ्या आणि दूध. इथे मी तुम्हाला ‘काहीच संबंध नाही’ असं सांगणार नाही, कारण ते खरं नाही आणि उद्या तुम्ही कुठेतरी वेगळं वाचाल. गरोदरपणात फोलिक ॲसिड किंवा व्हिटॅमिनं घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये हा ल्युकेमिया थोडा कमी आढळला आहे; अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले तेव्हा हा फरक फार तर पाचव्या हिश्श्याचा होता. २०१५ साली स्तनपानावरचे अभ्यास असेच एकत्र केले गेले. सहा महिने किंवा जास्त काळ अंगावर प्यायलेल्या मुलांत ल्युकेमियाचा धोका १९ टक्क्यांनी कमी दिसला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात पिठात फोलिक ॲसिड घालणं सुरू झाल्यावर न्यूरोब्लास्टोमा या लहान बाळांच्या कॅन्सरचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तेव्हा पोषणाचा धागा आहे.

पण हा धागा एका मुलाला बांधता येतो का? एक ढोबळ हिशोब करू. २०,००० मुलं धरा. कुणाच्याच आईने गोळ्या घेतल्या नाहीत तर त्यांतली दहा आजारी पडतील, आणि सगळ्यांनी न चुकता घेतल्या तर आठ. तोही अभ्यासांतला फरक पूर्णपणे गोळ्यांमुळेच आहे असं मानलं तर. ज्या बाईला गोळ्या वेळेवर मिळतात आणि घेता येतात तिच्या आयुष्यात इतरही पुष्कळ गोष्टी वेगळ्या असतात. म्हणजे त्या दहांतल्या आठांना गोळ्या घेऊनही आजार झालाच असता. आणि गोळ्या राहून गेलेल्या आयांची बाकीची १९,९९० मुलं आज अंगणात खेळत आहेत. तुमचा मुलगा त्या आठांतला की दोघांतला, हे जगातली कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. त्या जागी उभं राहून घरातलं कुणी निकाल देत असेल, तर त्या निकालाला आधार नाही.

शिवाय आजाराची पहिली पायरी बऱ्याचदा फार आधी, बाळ पोटात असतानाच पडलेली असते. जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आणि जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांच्या जुन्या कार्डांवरून हे कळलं. या ल्युकेमियाच्या साधारण चौथ्या हिश्श्यात १२व्या आणि २१व्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना चुकीचे जोडले गेलेले असतात. पेशी विभागताना होणारा हा अपघात आहे. ब्रिटनमधले संशोधक मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार १०० नवजात बाळांत एकाच्या रक्तात अशी जोडणी असते, आणि अशा १०० बाळांतल्या एखाद्यालाच पुढे आजार होतो. बाकीच्यांच्या आयांना असं काही होतं याचा पत्ताही लागत नाही.

मोठ्यांच्या कॅन्सरबद्दल आपण सतत ऐकतो की तंबाखूने झाला, दारूने झाला. तोच हिशोब नकळत मुलांना लावला जातो, आणि मूल स्वतः तर काही करत नाही, मग बोट आईकडे वळतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांच्या बहुतेक कॅन्सरचं कारण माहीत नाही. सुमारे १० टक्के मुलांत आनुवंशिक कल सापडतो. कारण हवंच, ही माणसाची गरज मी समजू शकते. पण कारण सापडत नाही म्हणून आईला त्या जागी बसवणं मला मान्य नाही.

इन्फेक्शनचं काय? हा प्रश्न तुम्ही योग्य विचारला आहे, कारण मुलांच्या काही कॅन्सरांत जंतूंचा हात खरोखर आहे. १९५७ साली युगांडात, कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये, डेनिस बर्किट नावाच्या सर्जनने जबड्याला चारही बाजूंनी गाठी आलेला एक लहान मुलगा पाहिला. लवकरच तशीच दुसरी केस दिसली. १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर एका जुन्या मोटारीतून त्यांनी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत सुमारे १०,००० मैल प्रवास केला. हॉस्पिटलमागून हॉस्पिटलमध्ये जाऊन ते एकच विचारत होते, असं मूल तुमच्याकडे येतं का? नकाशावर एक पट्टा उमटला, उष्ण, पावसाचा, मलेरियाचा. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचं व्याख्यान ऐकलेल्या अँथनी एप्स्टाइन यांनी सहकाऱ्यांसह १९६४ मध्ये त्या गाठींच्या पेशींत एक नवा विषाणू दाखवला. आज त्याला एप्स्टाइन-बार म्हणतात. गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखी गोष्ट ही की जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांना हा विषाणू कधी ना कधी होऊन गेलेला असतो. त्या गाठींचा कॅन्सर, म्हणजे बर्किट लिम्फोमा, मात्र मुलांमध्ये दाटून दिसतो तो जिथे लहानपणापासून मलेरिया वारंवार होतो तिथे. विषाणू एकटा पुरत नाही.

दुसरं उदाहरण हिपॅटायटिस बी. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. तिथे ६ ते १४ वर्षांच्या मुलांत यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण दर लाखात ०.७० होतं, ते १९९०-९४ मध्ये ०.३६ वर आलं. लस घेऊन कॅन्सर टळतो हे लहान मुलांत इतकं स्वच्छ दिसलेलं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

तुमच्या मुलाच्या आजारात मात्र असा एकही ठरावीक जंतू सापडलेला नाही. उलट १९८८ पासून ग्रीव्ह्ज मांडत आले ते वेगळंच आहे. पहिल्या वर्षात साध्यासुध्या जंतूंशी ओळख झाली नाही तर प्रतिकारशक्तीला सराव मिळत नाही, आणि नंतरच्या एखाद्या साध्या इन्फेक्शनला ती अतोनात प्रतिसाद देते. पोटात असताना पहिली पायरी ओलांडलेल्या मोजक्या मुलांत यातून दुसरी पायरी पडत असावी. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या वर्षी इतर मुलांत मिसळलेल्या बाळांना हा ल्युकेमिया कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे ज्या पाळणाघराला तुम्ही आरोपी केलंत, त्याच्याविरुद्ध पुरावा नाही. आणि आता लगेच ‘मग आधी का नाही ठेवलं’ असा नवा धागा काढून बसू नका, मी ओळखते तुम्हाला पत्रावरून. हे लाखो मुलांच्या सरासरीचं बोलणं आहे. त्याच ब्रिटिश अभ्यासात पहिल्या वर्षातल्या आजारांबद्दल आयांनी सांगितलेल्या आठवणी डॉक्टरांच्या नोंदींशी ताडल्या, तेव्हा दोन्ही जुळल्या नाहीत. रात्री दोन वाजता आठवलेलं सगळं तसंच घडलं होतं असं नाही.

ताई, पोषण आणि इन्फेक्शन या दोन गोष्टींवर तुम्ही इतका विचार केला आहे, तो वाया जाऊ देऊ नका. त्या दोन्ही आत्ता, उपचार चालू असताना, तुमच्या मुलासाठी फार महत्त्वाच्या आहेत. कुपोषित मुलाला केमो झेपत नाही. औषधांचा त्रास वाढतो, इन्फेक्शन पटकन धरतं, डोस पुढे ढकलावे लागतात. पुरेशा सोयी असलेल्या ठिकाणी आज या आजाराची दहातली सुमारे नऊ मुलं वाचतात, आणि त्यात वेळेवर पूर्ण झालेल्या डोसचा वाटा मोठा आहे.

म्हणून आधी ते टॉनिक. आपल्या मनात ‘रक्त कमी म्हणजे लोह द्या’ असं पक्कं बसलेलं असतं. ल्युकेमियात रक्त कमी होतं ते लोहाअभावी नव्हे, मॅरो काम करत नाही म्हणून. त्यात मुलाला रक्त चढवलं असेल तर त्यातून भरपूर लोह शरीरात गेलेलं आहे आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे जवळजवळ नाही. टॉनिकमध्ये फोलिक ॲसिड असेल तर आणखी जपायला हवं. १९४०च्या दशकात बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक ॲसिड दिल्यावर आजार उलट वेगाने वाढताना दिसला. त्यावरून त्यांनी फोलिक ॲसिडला अडवणारं अमिनोप्टेरिन वापरून पाहिलं. १९४८ च्या त्यांच्या अहवालात १६ मुलांपैकी १० जणांना काही काळ उतार पडला होता. मुलांच्या ल्युकेमियावरच्या औषधोपचाराची सुरुवात तिथून झाली. तुमच्या मुलाच्या उपचारांतलं मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातलं औषध. गरोदरपणी जे जीवनसत्त्व हवं होतं, तेच आज न विचारता दिलं तर औषधाच्या वाटेत येऊ शकतं. काही वेळा मेथोट्रेक्सेटनंतर डॉक्टर स्वतःच फोलिनिक ॲसिड (फोलिक ॲसिडचंच एक वेगळं रूप) देतात, पण ते घड्याळ लावून. ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ पावडरी, काढे, थेंब, हितचिंतकांनी आणून दिलेलं काहीही, हे सगळं याच नियमात बसतं. माझ्याकडे एका मुलाचे बाबा पिशवीभर बाटल्या घेऊन आले होते, सगळ्या प्रेमाने दिलेल्या. त्या एकेक करून टेबलावर मांडताना त्यांचे हात थरथरत होते. मी रागावले नाही, आणि तुमचेही डॉक्टर रागावणार नाहीत. पण त्यांना माहीत असायला हवं.

वजनकाट्यावर फार विसंबू नका. डेक्झामिथासोनसारखं स्टेरॉइड चालू असताना मूल मध्यरात्री उठून खायला मागतं, गाल भरतात, वजन चढतं, आणि आतून स्नायू मात्र वितळत असतात. म्हणून दंडाचा घेर मोजून घ्या. हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ असतील तर त्यांना तो दर भेटीला मोजून वहीत लिहायला सांगा. तोंड आलं असेल, मळमळ असेल, तेव्हा एका बैठकीत जेवण संपवायचा हट्ट सोडा. थोडं थोडं, दर दोन तासांनी, मऊ आणि गार. नाकातून नळी घालायचा सल्ला मिळाला तर ती हार समजू नका. कित्येक आयांना त्या नळीमुळे पहिल्यांदा शांत झोप लागते, कारण जेवणावरून होणारी रडारड थांबते. अन्न ताजं, पूर्ण शिजवलेलं, हात आणि फळं स्वच्छ धुतलेली, इतकं पुरेसं आहे. त्यापुढे जाऊन कच्चं सगळं बंद करणाऱ्या कडक पथ्याने इन्फेक्शन आणखी कमी होत नाही, हे मुलांवरच्या चाचणीत पाहिलं गेलं आहे. पथ्याच्या नावाखाली त्याचं खाणं आणखी आक्रसू देऊ नका.

आणि ताप. उशाशी थर्मामीटर ठेवा. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस दिसलं की तडक हॉस्पिटल. तुमच्या वॉर्डाने वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. आधी पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळपर्यंत बघू’ असं करू नका. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या, खाली असताना काही तासांत जिवावर बेतू शकतं. स्टेरॉइड चालू असताना ताप दबूनही राहतो, तेव्हा अंग थंड असलं तरी मूल मलूल किंवा नेहमीपेक्षा वेगळं वाटलं तरी न्या. कांजिण्या किंवा गोवर झालेल्या कुणाशी संपर्क आला तर पुरळ उठायची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. संपर्कानंतर लगेच देण्याची औषधं असतात, उशिराने त्यांचा उपयोग राहत नाही.

आता तुमची धाकटी. भावंडांना धोका इतर मुलांपेक्षा किंचित जास्त धरतात, तरी तो इतका लहान राहतो की तिच्या रक्ताच्या तपासण्या करत राहायची गरज नाही. फक्त हुबेहूब जुळ्यांची गोष्ट वेगळी, ती इथे नाही. कॅन्सर एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. दोघांना एका अंथरुणात झोपू द्या, दोघंही निरोगी असतील त्या दिवशी.

पाळणाघराचा निर्णय मात्र सोपा नाही, आणि तिथे दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तिच्या स्वतःच्या तब्येतीसाठी तिला तिथून काढायचं कारण नाही. प्रश्न आहे तो ती घरी काय घेऊन येते याचा. भावाचे काउंट सगळ्यांत खाली असतात ते आठवडे तिला घरी ठेवता येत असेल तर ठेवा. पाळणाघरात कांजिण्यांची साथ असेल तर नक्कीच ठेवा. एरवी, तुम्ही अर्धे दिवस हॉस्पिटलात असता तेव्हा ओळखीच्या माणसांत, नेहमीच्या वेळापत्रकात राहणं ही तिचीही गरज आहे. आई आणि भाऊ एकदम नाहीसे झाल्यासारखे झाले आहेत, चौदा महिन्यांच्या पोरीला यातलं काहीच कळत नाही. मी तुमच्या जागी असते तर पाळणाघर सुरू ठेवलं असतं, घरात आल्यावर हात-तोंड धुणं आणि कपडे बदलणं पक्कं केलं असतं, आणि तिला सर्दी असेल तेव्हा दोघांना वेगळ्या खोलीत झोपवलं असतं. ट्रीटमेंट करणाऱ्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका.

तिच्या लसी अजिबात थांबवू नका. घरात केमोचं मूल आहे म्हणून उलट त्या जास्त गरजेच्या आहेत. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, फ्लूचं इंजेक्शन, सगळं देता येतं. पोलिओची लस मात्र तोंडावाटे न देता इंजेक्शनने द्यायला सांगा, आणि कांजिण्यांच्या लसीनंतर अंगावर पुरळ आलं तर ते जाईपर्यंत भावापासून दूर ठेवा. हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण झालेत का तेही पाहा. भावाच्या स्वतःच्या लसी सध्या त्याचे डॉक्टर ठरवतील. जिवंत जंतूंच्या लसी उपचारात देत नाहीत. वेगळी व्हिटॅमिनं धाकटीला नकोत, तिच्या बालरोगतज्ज्ञांनी वयाप्रमाणे जे लिहून दिलंय तेवढंच.

हे वाचणाऱ्या, बाळाचा विचार करणाऱ्या बायकांनी फोलिक ॲसिड सोडू नये. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या आधीपासून. त्याचं भक्कम कारण बाळाच्या मणक्याची आणि मेंदूची घडण हे आहे, ते १९९१ मध्येच सिद्ध झालं. उलट्या होत असतील तर गोळी बदलून, वेळ बदलून मागा. तुम्हाला तेव्हा असं कुणी सांगितलं नाही, ताई, ही चूक तुमची नव्हे.

राहिली घरातली ती मोठी व्यक्ती. तुम्ही गप्प बसलात असं लिहिता. उत्तर द्यायची ताकद सध्या नसेल तर देऊ नका. पण ते वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिलं तर मुलाच्याही कानावर पडेल, आणि साडेचार वर्षांच्या मुलाला बरंच कळतं. माझा आग्रह असा की पुढच्या भेटीला त्या व्यक्तीला बरोबर न्या. डॉक्टरांना आधी चिठ्ठीवर लिहून द्या, ‘हा आजार खाण्यापिण्यामुळे झाला का, हे सगळ्यांसमोर सांगाल का?’ बोलणाऱ्या माणसालाही बहुतेकदा भीतीच वाटत असते. नातवंडाच्या वॉर्डात तास-दोन तास बसल्यावर भाषा बदललेली मी पाहिली आहे. तुमच्या नवऱ्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. त्यांनाही बरोबर बसवा.

जाताना पिशवीत ती टॉनिकची बाटली आणि धाकटीचं लसीकरणाचं कार्ड टाका. आणि रात्रीची ती यादीसुद्धा, कागदावर उतरवून. एकेक ओळ डॉक्टरांना विचारा, आणि ज्या ओळीचं उत्तर मिळेल ती तिथेच, त्यांच्यासमोर, खोडून टाका.